गॅसच्या फ्रिजची पाठ

ट्रेलरमधला गॅसवर चालणारा फ्रिज थंड करेनासा झाला, की माणूस आधी दार उघडून आत हात घालून बघतो. मग थर्मोस्टॅटची कळ मोठी करतो, सिलिंडर हलवून बघतो, आणि शेवटी फ्रिजच गेला असं ठरवून मोकळा होतो. यातलं काहीच चूक नाही, पण क्रम उलटा आहे. घरातला विजेचा फ्रिज समोरून वापरायचा आणि समोरूनच ओळखायचा असतो. गॅसचा फ्रिज मागून ओळखावा लागतो. त्याच्या पाठीमागची अरुंद पोकळी आणि त्या पोकळीचे दोन झरोके, एक खाली आणि एक वर, हे त्या यंत्राचेच भाग आहेत, आणि कारखान्यातून न येता ट्रेलर बांधणाऱ्याच्या हातून तयार होणारे तेवढेच भाग आहेत. म्हणूनच तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथे सापडतं. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. साताऱ्याहून कास-बामणोलीला किंवा सांगलीहून चांदोलीकडे गाडीमागे छोटा ट्रेलर जोडून जाण्याची कल्पना आता कुणाला वेड्यासारखी वाटत नाही. अशा ट्रेलरमध्ये बाहेरून मागवलेला गॅस फ्रिज असेल किंवा बसवायचा विचार असेल, तर पुढचं वाचावं.

आधी हे यंत्र चालतं कसं ते पाहू, कारण सगळी देखभाल त्यातूनच निघते. ज्योतीने थंडी कशी होते, हा प्रश्न शहाण्या माणसालाही पडतो. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी याचं उत्तर दिलं आणि पुढे इलेक्ट्रोलक्सने ते बाजारात आणलं. बंद नळ्यांमध्ये पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन भरलेले असतात. खालची छोटी ज्योत अमोनिया विरघळलेलं पाणी उकळवते आणि अमोनियाची वाफ वेगळी होऊन वर चढते. वरच्या पत्र्यांच्या झुबक्यात ती वाफ आपली उष्णता हवेला देते आणि तिचा द्रव होतो. हा द्रव अमोनिया मग हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा वाफ होताना फ्रिजच्या आतली उष्णता ओढून घेतो, खाली येऊन पाण्यात विरघळतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. यात पंप नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. त्यामुळे आवाज नाही आणि झीजही जवळपास नाही. पण पंप नसल्यामुळे सगळी वाहतूक दोनच गोष्टींवर चालते: नळ्यांमधला उतार आणि पाठीमागची हवा. यांतली एक जरी बिघडली तर आत काय घडतंय ते दुरुस्त करायला कुठलाही भाग उरत नाही.

हवेचं गणित मांडून बघण्यासारखं आहे. लहान ट्रेलरमधला ऐंशी-शंभर लिटरचा असा फ्रिज दिवसाला पाव किलो ते तीनशे ग्रॅम गॅस खातो. तीनशे ग्रॅम धरले तर सरासरी दीडशे वॅटच्या आसपास उष्णता सतत तयार होते. एवढा गॅस जाळायला लागणारी हवा दिवसाला साधारण चार घनमीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या कपाटाइतकी. पण तीच दीडशे वॅट उष्णता पाठीवरून उचलून बाहेर नेताना हवा पंधरा अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर दिवसाला सातशे घनमीटरच्या पुढे हवा त्या पोकळीतून वाहावी लागते. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली अठ्ठावीस घनमीटरची असते, म्हणजे अशा पंचवीस खोल्यांची हवा. ज्योतीची भूक आणि पाठीची गरज यांत इतका फरक असल्यामुळेच फसगत होते. झरोके अर्धे तुंबले तरी ज्योत निळीशार जळत राहते, मालक खाली वाकून ती बघतो आणि समाधानाने म्हणतो, ‘गॅस तर बरोबर चाललाय.’ गॅस बरोबरच चाललेला असतो. पाठ मात्र गुदमरलेली असते आणि वरचे पत्रे इतके तापलेले असतात की अमोनियाच्या वाफेचा द्रवच होत नाही.

मग झरोके कसे असावेत? खालचा झरोका ज्योतीच्या पातळीला किंवा तिच्याही खाली, आणि वरचा पाठीवरच्या सर्वांत वरच्या पत्र्यांच्या बरोबरीने किंवा त्याहून उंच. दोहोंमधलं उभं अंतर जितकं जास्त, तितका ओढा चांगला. चुलीचं धुराडं उंच का असतं, त्याचं हेच कारण. आटपाडी-जतकडच्या माळवदाच्या घरांत चुलीचा धूर जायला वर साणं ठेवतात आणि दार उघडं असेल तरच तो धूर नीट चढतो, हे तिथल्या कुठल्याही बाईला न शिकवता ठाऊक असतं. फ्रिजला नेमकं हेच हवं, पण ट्रेलर बांधणारा कारागीर बहुधा वरचं भोक ठेवतो आणि खालचं विसरतो, किंवा दोन्ही ठेवून त्यांच्या मधल्या पोकळीकडे दुर्लक्ष करतो. ही पोकळी फार रुंद असेल तर थंड हवा पत्र्यांना न शिवताच मागच्या भिंतीलगत वर निघून जाते. फार अरुंद असेल तर अडते. फ्रिजबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत हे अंतर मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, तेच पाळावं. जास्तीची जागा पत्रा वाकवून भरावी आणि हवेला पत्र्यांवरूनच जायला भाग पाडावं. फ्रिजच्या डोक्यावर मोकळी जागा उरली असेल तर तीही बंद करावी, नाहीतर तापलेली हवा तिथे मुक्काम करते. ओट्याखाली बसवलेल्या बुटक्या फ्रिजला उंचीच मिळत नाही, म्हणून ओढाही क्षीण असतो. तिथे वरच्या झरोक्यापाशी संगणकात असतो तसा बारा व्होल्टचा एखादा पंखा बसवणं हा खर्च वाया जाणारा नाही. पंख्याने हवा बाहेर फेकली पाहिजे, आत नव्हे. आणि तो ज्योतीपासून लांब, वरच्याच झरोक्याशी असावा. खाली बसवला तर झोताने ज्योत विझते.

खालच्या झरोक्याला आणखी एक काम आहे. प्रोपेन हवेच्या दीडपट जड आणि ब्युटेन दुप्पट. जोडणीतून गॅस गळला तर तो वरच्या झरोक्याकडे जाणार नाही, फरशीवर पाण्यासारखा पसरेल आणि जिथे खड्डा मिळेल तिथे साचेल. हवेत साधारण दोन टक्के गॅस झाला की ठिणगी पुरते. म्हणून खालचा झरोका पोकळीच्या अगदी तळाशी हवा. चार इंच वर असेल तर त्याच्या खाली चार इंच गॅसचं तळं होऊ शकतं. सिलिंडरच्या कप्प्यालाही तळाशी भोक हवं, आणि तो कप्पा ट्रेलरच्या आत न उघडता फक्त बाहेरून उघडणारा असावा.

पुढचा नियम सांगताना मी थोडा कडक होणार आहे. फ्रिजच्या पाठीची पोकळी माणसांच्या झोपण्याच्या जागेपासून पूर्णपणे बंद असली पाहिजे. हवा बाहेरून येईल, बाहेरच जाईल, आत एक फटही नको. आपल्याकडे लोक गॅसच्या वासाला घाबरतात, आणि ते बरोबरच आहे, कारण तो वास त्यासाठीच मुद्दाम मिसळलेला असतो. पण जळलेल्या गॅसला वास नसतो. हवा कमी पडली की त्यात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो. त्यांतल्या बहुतेकींमागे हेच असतं. फ्रिजची ज्योत गिझरच्या मानाने फार लहान, मग तिची काय भीती, असा आक्षेप कुणी घेईल. लहान आहे हे खरं. पण गिझर दहा मिनिटं चालतो आणि फ्रिज रात्रभर; न्हाणीघरातून माणूस बाहेर येतो, ट्रेलरमध्ये तो झोपलेला असतो; आणि छोट्या ट्रेलरची आतली सगळी हवाच जेमतेम दहा घनमीटर असते. रात्री बाहेर थंडी म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या असतात. तेव्हा ज्योत लहान आहे एवढ्यावर विसंबू नये.

फट शोधायची सोपी पद्धत अशी. अंधार पडल्यावर बाहेरची जाळी काढून पोकळीत बॅटरी लावून ठेवावी आणि ट्रेलरमध्ये आत बसून सगळे दिवे मालवावेत. जिथून उजेडाची रेघ दिसेल, तिथून धूर येईल. बहुतेकदा ती रेघ गॅसची नळी आत शिरते तिथे, फ्रिजच्या बाजूच्या चौकटीला किंवा खालच्या लाकडी पट्टीपाशी दिसते. त्या जागा पत्र्याच्या पट्टीने आणि उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने बुजवाव्यात. फोम, थर्माकोल, सोफ्याच्या गादीचा तुकडा ज्योतीच्या आसपास नको. हवा नीट वाहते की नाही हे बघायचं तर सिलिंडर काढून बाजूला ठेवावा, फ्रिज घरच्या २३० व्होल्टवर तास-दोन तास चालवावा आणि मग खालच्या झरोक्यापाशी उदबत्ती धरावी. धूर आत ओढला जाऊन वरून बाहेर पडला तर ठीक. तिथेच घुटमळला तर रस्ता कुठेतरी अडलाय. ही उदबत्ती गॅसची गळती शोधायला मात्र कधीच वापरू नये. गळतीसाठी साबणाचा फेस आणि ब्रश, दुसरं काही नाही. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाच्या उंचीला, गॅसचा अलार्म फरशीजवळ, असे दोन वेगळे बसवावेत. एकाचं काम दुसरा करत नाही.

आता साताऱ्याच्या पावसाचा प्रश्न. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, आडवा येतो. ज्याच्या भिंतीला भोकं आहेत त्याने ती झाकू नयेत हे सांगणं सोपं, पाळणं अवघड, असं म्हणणाऱ्याचं चूक नाही. यावर तोड आहे, पण ती झरोक्याच्या बनावटीत आहे, ताडपत्रीत नाही. बाहेरून खाली वळलेल्या पट्ट्या, आतून अर्ध्या उंचीचा आडवा पत्रा आणि तळाला पाणी वाहून जायला उतार असला, तर हवा वळसा घालून येते आणि पाणी पत्र्यावर आपटून खाली जातं. एवढं करूनही पाणी आत येत असेल तर ट्रेलरची ती बाजू वाऱ्याच्या पाठीला वळवावी. तेही जमत नसेल तर गॅस बंद करून मग झाकावं. झाकून चालू ठेवणं, हा एकच पर्याय इथे नाही. वाऱ्याचंही तसंच. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. तिथे वारा वरच्या झरोक्यातून आत शिरून ओढा उलटा करतो आणि ज्योत विझवतो. ज्योत विझली की तिच्याशेजारचा थर्मोकपल थंड होतो आणि मिनिटभरात झडप आपोआप ‘टक्’ करून गॅस बंद करते. हा ‘टक्’ दर मोसमाच्या सुरुवातीला एकदा मुद्दाम ऐकून घ्यावा: बाहेरच्या कॉकने गॅस तोडावा, ज्योत जाऊ द्यावी आणि कान लावून थांबावं. दोन मिनिटांतही आवाज आला नाही तर तो फ्रिज गॅसवर चालवू नये, मग तो कितीही छान थंड करत असो.

साताऱ्याच्या बाजूला आणखी दोन अडचणी आहेत, उंची आणि उतार. कासचं पठार सुमारे १२०० मीटरवर, महाबळेश्वर तेराशेच्या वर. समुद्रसपाटीच्या मानाने इथली हवा दहा-बारा टक्के विरळ असते आणि हजार मीटरच्या वर पेटवताना अडचण येऊ शकते, असं काही उत्पादक स्वतःच पुस्तिकेत लिहितात. साडेपाचशे मीटरवरच्या सांगलीत झटक्यात पेटणारी ज्योत वर दोन-तीन वेळा कळ दाबूनही धरत नसेल तर घाबरू नये; पण पिवळी होत असेल तर मात्र थांबावं. उताराचं प्रकरण याहून गंभीर आहे. पंप नसल्यामुळे द्रव केवळ उतारावरून परत येतो, आणि फ्रिज आडवा तीन अंश, तर पुढे-मागे सहा अंशांपेक्षा जास्त कलला की बऱ्याच जुन्या बनावटींमध्ये तो वाटेत अडकतो. खाली ज्योत मात्र रिकामी नळी तापवत राहते. नळी आतून गंजू नये म्हणून पाण्यात घातलेलं क्रोमेटचं मीठ मग भाजून चिकटतं आणि वाट कायमची बुजते. चालत्या गाडीत द्रव हिंदकळत राहतो म्हणून तितकं बिघडत नाही. नुकसान होतं ते तिरप्या जागेवर रात्रभर उभं राहण्याने. गवंड्याची छोटी पाणसळ फ्रीझरच्या तळावर आधी आडवी, मग उभी ठेवून चाकाखाली फळ्या सरकवायच्या, हे तंबूच्या दोऱ्या ताणण्याच्या आधीचं काम. डोळ्यांवर भरवसा ठेवू नये; डोंगरात सगळंच तिरपं असलं की तिरपं सरळ वाटायला लागतं.

सांगलीकडे याच यंत्राची परीक्षा वेगळी. एप्रिलमध्ये मिरज-तासगाव पट्ट्यात पारा चाळिशीकडे जातो आणि हा फ्रिज बाहेरच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशच खाली जाऊ शकतो. फ्रिजच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर एसएन, एन, एसटी किंवा टी असं लिहिलेलं सापडेल. एसएन आणि एन म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंतच हमी, एसटी म्हणजे ३८, आणि टी म्हणजे ४३. युरोपातून आलेल्या फ्रिजवर एन असेल तर सांगलीच्या उन्हाळ्यात तो दूध नासवणार, आणि त्यात दोष कुणाचाच नाही. विकत घ्यायच्या आधी ही अक्षरं बघा. किमतीवर घासाघीस त्यानंतर. टी असला तरी दुपारच्या उन्हात झरोक्यांची बाजू पश्चिमेला ठेवून ट्रेलर उभा केला, तर तापलेल्या पत्र्याशेजारची हवाच पन्नासच्या घरात असते आणि तीच खालून आत ओढली जाते. दुपारी फ्रिजची बाजू पूर्वेकडे किंवा झाडाच्या सावलीत हवी. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रिज थंड करून घ्यावा आणि आत भरायचं ते आधीच गार असावं. कोमट दुधाच्या चार पिशव्या त्यात कोंबून तो रात्रीत गार करेल ही अपेक्षा ठेवू नये. गारवा टिकवायला हे यंत्र चांगलं, गरम वस्तू गार करायला अगदी मंद. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर आत थर्मामीटर ठेवावाच. २ ते ८ अंशांची ती पट्टी हा फ्रिज घाटात आणि उन्हात पाळेलच असं नाही.

गॅसविषयी एक मुद्दा जो परदेशी पुस्तिकेत मिळणार नाही. बाहेरचे काही फ्रिज, विशेषतः अमेरिकेतले, शुद्ध प्रोपेनसाठी बनवलेले असतात. आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं आणि ब्युटेनचा वाटा मोठा असतो. ब्युटेनला तेवढ्याच आकारमानाला जास्त हवा लागते, म्हणून प्रोपेनच्या जेटमधून तो गेला की ज्योत जाड होते, टोक पिवळं पडतं आणि धूरनळीत काजळी धरते. जेट आपल्या गॅसला चालेल असा आहे का, हे विकणाऱ्याकडून लिहून घ्यावं. थंडीत याचीच दुसरी बाजू दिसते. ब्युटेन शून्याच्या जरा खाली उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला; महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी हिमकण गोठतात अशा पहाटे अर्धा रिकामा सिलिंडर दम सोडतो, कारण त्यातला प्रोपेन आधीच उडून गेलेला असतो. सिलिंडर भरलेला न्यावा, एवढाच उपाय. त्याला गरम पाणी, शेकोटी वगैरे दाखवू नये. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर ट्रेलरमध्ये नेणं नियमाबाहेर आहे, तो फक्त घरगुती वापरासाठी असतो. बाजारात पाच किलोचा बिगरघरगुती सिलिंडर मिळतो; वरच्या हिशेबाने तो फ्रिजला दोन आठवडे पुरतो आणि उभा बांधायलाही सोपा. उभाच बांधायचा: आडव्या सिलिंडरातून वाफेऐवजी द्रव बाहेर येतो. त्याच्या गळ्याच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. डी आणि २७ म्हणजे २०२७ च्या शेवटच्या तिमाहीत तपासणी. ती तारीख उलटलेला सिलिंडर घेऊ नये. रबरी नळी आयएसआय छापाची, आणि घरात ती पाच वर्षं चालत असली तरी गाडीच्या हादऱ्यांत दरवर्षी वाकवून भेगा बघाव्यात. चालत्या गाडीत गॅस बंद. पेट्रोल पंपावर आणि कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडणाऱ्या तराफ्यावर चढण्याआधी ज्योत विझलेली आहे हे स्वतः वाकून बघावं, दुसऱ्याच्या शब्दावर नव्हे.

साफसफाई वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर. चार महिने उभ्या ट्रेलरच्या जाळीत कुंभारीण माशी मातीची घरटी करून ठेवते, कोळी बर्नरच्या तोंडात जाळं विणतो आणि उंदराला ती ऊबदार पोकळी फार आवडते. जाळी बारीक बसवली की हे सगळं थांबेल असं वाटतं. पण डासांची जाळी हवेचं तोंड निम्म्यावर आणते आणि उसाच्या पाचटाच्या धुळीने महिन्याभरात उरलेलं निम्मंही बुजतं. स्टीलची जरा मोठ्या भोकांची जाळी लावून ती दर फेरीनंतर ब्रशने झाडणं बरं. सिलिंडर काढल्यावर बर्नरच्या वरची धूरनळी बघावी. तिच्यात पिळाची एक पत्र्याची पट्टी टांगलेली असते. ती ओढून घ्यावी, नळीत गोल ब्रश फिरवावा आणि पट्टी होती त्याच उंचीला परत टांगावी, कारण उंची चुकली तर उष्णता चुकीच्या जागी पडते. ब्रशाने सुटलेला गंज खाली बर्नरवर पडतो, म्हणून बर्नर नंतर साफ करायचा, आधी नव्हे. रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारण्याची सवय असलेल्यांनी इथे हात आवरावा. हा जेट सुईच्या टोकाहून बारीक असतो, पिनने त्याचं भोक मोठं होतं आणि ज्योत कायमची बिघडते. स्पिरिटमध्ये भिजवून वाळू द्यावा, नाहीतर नवा घालावा. पुन्हा जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस.

एवढा व्याप करण्यापेक्षा बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज आणि छपरावर सौर पत्रा का नको, हा सर्वांत वजनदार आक्षेप, आणि मला तो बराचसा मान्य आहे. तो फ्रिज थोडा तिरपा चालतो, चाळीस अंशांतही थंड करतो आणि झोपलेल्या माणसाजवळ ज्योत ठेवत नाही. आपल्याकडे ऊन भरपूर. सांगलीकडे राहणाऱ्याने, उन्हाळ्यातच फिरणाऱ्याने, नवा ट्रेलर बांधताना तोच घ्यावा. गॅसच्या फ्रिजची बाजू उरते ती पावसाळ्यात. कोयनेच्या खोऱ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा सौर पत्रा फारसं काही कमावत नाही आणि बॅटरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसते. पाच किलोचा सिलिंडर मात्र आपलं काम करत राहतो. वीज नसलेल्या गावांत लशी थंड ठेवायला जगभर वर्षानुवर्षं रॉकेल आणि गॅसचे असेच फ्रिज वापरले गेले, आणि सौर फ्रिज आले तसे ते मागे पडले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्याच्याकडे गॅसचा आधीच आहे त्याने तो फेकू नये, पण त्याची पाठ सांभाळायची तयारी नसेल तर ठेवूही नये.

शेवटी तो खरोखरच गेला हे कसं ओळखायचं? झरोके मोकळे, ट्रेलर पाणसळीला बरोबर, ज्योत निळी, आणि घरच्या विजेवर चोवीस तास चालवूनही आत गार नाही; मागे नळ्यांवर पिवळट भुकटी दिसते किंवा अमोनियाचा उग्र वास येतो: मग नळी फुटली. गॅस आणि वीज बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर या. त्या नळ्यांत हायड्रोजन असतो, तेव्हा फ्रिजवाल्याकडून किंवा वेल्डिंगवाल्याकडून ती जोडून घेऊ नका. अख्खा संच बदलावा लागतो. फ्रिज उलटा करून ठेवला की सुधारतो, हा जुना तोडगा कधी कधी लागू पडतो, पण फुटलेल्या नळीला नाही. गॅसचा वास आला तर १९०६ वर फोन. ट्रेलरमध्ये झोपलेल्या सगळ्यांचं एकदमच डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर वास नसला तरी आधी बाहेर पडा आणि १०८ ला फोन करा. आणि यातलं काहीच झालेलं नसेल, नुसता फ्रिज हल्ली जरा कमी गार करतोय असं वाटत असेल, तर उद्या सकाळी सिलिंडर बंद करून ती बाहेरची जाळी काढा आणि बॅटरी मारून आत बघा.